मध्यंतराआधी मारून टाक त्याला

डोनल, मी तुझ्यावर प्रचंड चिडले आहे. तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. त्यात मला रडू दोनदाच आलं, बाकी सगळा वेळ नुसता संताप. हे मराठीत लिहिते आहे, कारण तुला मराठीचं अक्षर येत नव्हतं. इंग्रजीत लिहायला बसले असते तर सारखं वाटत राहिलं असतं की आता हा मधेच तोंड घालणार, माझा एखादा शब्द उचलणार आणि खिशातली वही काढून टिपून घेणार. तेव्हा आज तू गप्प बस. आज मी बोलणार आहे.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकाचे संपादक परवा फोनवर म्हणाले, "मॅडम, ते आयरिश नाटककार तुमचे स्नेही होते ना? दोन पेजेस द्या ना त्यांच्यावर. जन्म, गाव, महत्त्वाची नाटकं, अवॉर्ड्स, असं." मी म्हटलं, ते सगळं कोणालाही बसल्या जागी शोधता येईल. मला त्याच्याशी भांडायचं आहे, त्याला तुमच्या अंकात जागा आहे का? बिचारे जरा गडबडले, पण हो म्हणाले.

तर भांडण कशाचं, ते वाचणाऱ्यांसाठी आधी सांगते. तुला कॅन्सर झाला होता. मी डॉक्टर, रिटायर झाले तरी डॉक्टरच, आणि वीसेक वर्षांची तुझी मैत्रीण. तू मला सांगितलं नाहीस. म्हणजे सांगितलंस, पण चोरून. नव्या नाटकात एक म्हातारा आहे, त्याला असं असं होतंय, तर डॉक्टर, त्याला काय झालं असेल? असं विचारलंस. आणि मी बावळटासारखी सांगत गेले. त्याला काय झालंय, तो किती दिवस काढेल, कसा जाईल, सगळं सांगितलं. हसत हसत सांगितलं. तू तिकडे फोनला कान लावून स्वतःचं मरण ऐकत होतास, आणि मी इकडे भाकरी थापत होते.

कसं माफ करायचं तुला?

पहिल्यांदा भेटलो तेव्हासुद्धा तू चोरूनच बघत होतास. ब्रिस्टलमध्ये आम्ही तुझ्या शेजारचं घर घेतलं, त्याला महिनाही झाला नव्हता. मी मागच्या बागेत मेथीसाठी वाफा खणत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "तू शेतातली आहेस." गुड मॉर्निंग नाही, नाव नाही, काही नाही. मी विचारलं, कशावरून? तू म्हणालास, "फावडं कसं धरलंस त्यावरून. डॉक्टर लोक फावडं पेनासारखं धरतात." या देशात आल्यापासून मला लोकांनी शंभर वेळा विचारलं होतं, तुम्ही मूळच्या कुठल्या? शेतातली आहेस का, हे कोणी विचारलं नव्हतं. तू तर विचारलंही नाहीस, सरळ सांगितलंस. मी खानापूर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातली, आईबरोबर वैरण कापून मग शाळेत गेलेली मुलगी. हॉस्पिटलातल्या डॉक्टर्स रूममध्ये हे मी कधी उच्चारलं नव्हतं. तुला त्या एका सकाळी सगळं सांगून टाकलं.

मग काय, आपल्याला विषयच पुरेनात. तुझं गाव आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, सतत पावसात भिजणारं. माझं गाव पावसाची वाट बघणारं. पण व्यायला झालेली गाय कळपातून बाजूला जाऊन एकटी उभी राहते, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. बांधाच्या एका हातभर जागेसाठी सख्खे भाऊ बोलेनासे होतात, हे तर दोघांनाही चांगलंच माहीत होतं. सुधीर, माझा नवरा, पुण्यात वाढलेला. तो म्हणायचा, "तुम्ही दोघं बोलायला लागलात की घरात शेणाचा वास येतो." तू त्याला विचारलंस, "तक्रार आहे की कौतुक?" सुधीर म्हणाला, "तक्रार." तू ते वहीत टिपलंस.

ती वही! तळहाताएवढी, कडा दुमडलेली, रबर लावलेली. दुकानात, बसमध्ये, दफनाला, कुठेही कोणी काही बोललं की तू पाठ वळवून टिपायचास. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाहीस. दर उन्हाळ्यात गावी गवत कापायला जायचास आणि दोन वह्या भरून परत यायचास. त्यातूनच तुझी नाटकं व्हायची. लोक म्हणायचे, काय भाषा लिहितो हा माणूस! मी म्हणायचे, लिहितो कुठला, उचलतो.

आणि मग ते फोन. एकाच रस्त्यावर राहत असतानासुद्धा तू फोन करायचास, कारण प्रश्न कामाचा असायचा.

"डॉक्टर, एक माणूस मारायचाय."

"वय?"

"अठ्ठावन्न."

"किती प्रवेश आहेत त्याला?"

"दोनच."

"मग हार्ट. दुसरं काही परवडणार नाही तुला."

मला किती आवडायचं ते! दिवसभर दवाखान्यात खोकले आणि गुडघेदुखी बघून कंटाळलेली मी, तुझा फोन आला की खुर्ची ओढून बसायचे. बुरशी आलेल्या गवताच्या धुळीनं छाती कशी भरते, ट्रॅक्टरखाली पाय गेलेला माणूस पहिली दहा मिनिटं किती शांत बोलतो, सगळं मी तुला शिकवलं. मरणारी माणसं लांबलचक भाषणं करतात, ती मी तुला काढायला लावली. "मरणारा माणूस भाषण करत नाही, पाणी मागतो," असं मी म्हटलं होतं. त्या वेळच्या नाटकात शेवटी म्हातारी नुसतं पाणी मागते, आणि थिएटरमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. मी आणि सुधीर तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मला इतका अभिमान वाटला की मी सुधीरला दोनदा कोपरानं ढोसलं.

पण आपलं खरं भांडण त्या वहीवरूनच होतं, आणि ते कधी मिटलंच नाही. तुझी आई गेली. दफन करून घरी आल्यावर अंगणातल्या नळावर हात धुताना तुझा थोरला भाऊ तुला म्हणाला, "आता आपल्याला एकमेकांशी बोलायला लावणारं कोणी उरलं नाही." आणि तू, शहाण्या, गोठ्यामागे गेलास आणि ते लिहून काढलंस. दोन वर्षांनी ते वाक्य जसंच्या तसं एका नाटकात आलं. तुझा भाऊ ते नाटक बघायला गेला होता. वाक्य ऐकलं, टोपी उचलली आणि निघून गेला. त्यानंतर अकरा वर्षं तो तुझ्याशी बोलला नाही. गावातली माणसंही तू दुकानात शिरलास की आवाज खाली आणायची.

मी तुला आधीच सांगितलं होतं. नाटक छापायला जाण्यापूर्वी माझ्या स्वयंपाकघरात वाचून दाखवलंस, तेव्हाच म्हटलं होतं, डोनल, हे वाक्य फिरव. अर्थ तोच ठेव, शब्द बदल. तू टेबलावर हात आपटलास. म्हणालास, "माणसाचं वाक्य सुधारलं की तो माणूस उरत नाही. माझ्या मनासारखा कोणीतरी उरतो."

"मग निदान त्याला विचार."

"विचारलं की माणूस नाही म्हणतो."

"म्हणजे चोरी झाली."

"झाली. पण खरी गोष्ट चोरली. खोटी बनवून ठेवली नाही."

तू चहा अर्धा टाकून निघून गेलास. दुसऱ्या दिवशी दारात बटाट्यांची पिशवी. माफी मागायची तुझी ती एकच तऱ्हा होती. बटाटे घेतले, पण तुझं म्हणणं मी कधी मान्य केलं नाही. पुढे दहा वर्षं वर्षातून एकदा तरी हाच वाद, हीच वाक्यं, आणि हेच बटाटे.

एवढी चिडले असले तरी एक गोष्ट लिहायलाच हवी. सुधीर गेला तेव्हा दुसऱ्याच दिवशी तू ट्रेभर हॅम सँडविच घेऊन दारात उभा राहिलास. तुमच्याकडे मयताच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. घरात सुतक, लेस्टरहून आलेली माझी जाऊ सोवळ्याची. तिनं ट्रेकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. मी तुला बाजूला घेऊन सांगितलं. तू मान डोलावलीस आणि तासाभरानं अंड्याची सँडविच घेऊन आलास. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा काकडीची आणलीस, ब्रेडच्या कडा कापून, आणि जावेच्या हातात ट्रे देऊन म्हणालास, "मॅडम, याच्या खाली मला उतरता येणार नाही." ती बाई हसली, त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग दहा दिवस तू आमच्या सिंकपाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे कप विसळलेस. सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीस. आणि त्या दहा दिवसांत वही एकदाही बाहेर काढली नाहीस. मी लक्ष ठेवून होते.

म्हणून तर मला वाटायचं, मला तू ओळखतोस. माझ्याशी तू असं वागणार नाहीस.

सुधीरनंतर घर मोठं वाटायला लागलं आणि केतकीनं, माझ्या मुलीनं, मला मेडनहेडला आणलं, तिच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर फ्लॅटमध्ये. मग आपला फोन दर रविवारी सकाळी अकराला. मी फोन स्पीकरवर टाकायचे आणि स्वयंपाक करता करता बोलायचे. तुला व्हिडिओ कॉल आवडत नव्हता. "तोंड बघितलं की माणूस तोंडासाठी बोलतो," म्हणायचास. मला ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

यंदाच्या जूनमधला तो रविवार. केतकी जेवायला आली होती, ओट्याशी बसून काकडी कोचत होती.

"डॉक्टर, एक माणूस मारायचाय," तू म्हणालास.

"बऱ्याच दिवसांनी! सांग."

"सत्तरीचा आहे. मेंढ्या पाळतो. पट्टा तीन भोकं आत घ्यावा लागतोय. चहा नकोसा झालाय."

"चहा नकोसा? आयरिश माणसाला? मग सीरियस आहे. दुखतं कुठे?"

"पाठीत. पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. आणि अंगाला खाज."

"डोळे?"

"पिवळे."

मी पीठ मळायची थांबलेसुद्धा नाही. "पॅनक्रियाज," मी म्हटलं. "दुसरं सिद्ध होईपर्यंत पॅनक्रियाजचा कॅन्सर. डॉक्टरकडे का जात नाही तो?"

"त्याला आधी एक काम पुरं करायचंय."

इथे, डोनल, इथे मला कळायला हवं होतं. तीस वर्षं मी माणसांच्या तोंडून 'माझ्या एका मित्राला असं होतंय' हे ऐकलं होतं. बायका बहिणीच्या नावावर स्वतःच्या गाठी विचारायच्या, पुरुष शेजाऱ्याच्या नावावर. कोणी तसं म्हटलं की मी पेन खाली ठेवायचे आणि माणसाच्या डोळ्यांत बघायचे. पण तुझ्या बाबतीत माझी सवयच निराळी पडली होती. तुझी माणसं खोटी आणि त्यांची मरणं माझ्या करमणुकीची.

मी म्हटलं, "मूर्ख आहे तुझा म्हातारा. असल्या हट्टी पुरुषांनी माझं आख्खं करिअर खाल्लंय, आता रिटायरमेंटमध्ये मला त्यांची दया येत नाही. मध्यंतराआधी मारून टाक त्याला. लोक निवांत आइस्क्रीम तरी खातील."

केतकी खो खो हसत सुटली. "आई, तू खूप क्रुएल आहे!"

तूही हसलास. हसता हसता खोकलास. मग म्हणालास, "मध्यंतराआधी नाही जमणार. तो म्हणजेच तर नाटक आहे." मी विचारलं, त्याचं बघायला कोणी आहे का घरी? तू म्हणालास, एक पुतणी आहे. तुला पुतणी आहे हे मला माहीत होतं! ऑर्ला, त्याच अबोला धरलेल्या भावाची मुलगी, कार्डिफला युनिव्हर्सिटीत नोकरी करणारी. तिच्याबद्दल तू मला तासन् तास सांगितलं होतंस. तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही. मी म्हटलं, बरं झालं, पुतणी असेल तर दोन चांगले प्रवेश मिळतील.

पुढचे सगळे रविवार आपण त्या म्हाताऱ्याचं मरण रचत बसलो. सहाव्या आठवड्यात तो किती चालू शकेल, कोणतं औषध दिल्यावर गुंगी येईल, जेवणाचा आग्रह केला तर कसा चिडेल. एकदा मी म्हटलं, तुझा आवाज बसलाय. तू म्हणालास, अॅलर्जी, इकडे परागकण फार आहेत यंदा. मी तुला अँटिहिस्टमिन घ्यायला सांगितलं, आणि रिकाम्या पोटी घेऊ नकोस असंही बजावलं. थँक यू डॉक्टर, म्हणालास.

एका रविवारी विचारलंस, "त्याला भीती वाटेल का?"

मी म्हटलं, "शेतकऱ्याला भीती नाही वाटत. वैताग येतो. कामं अर्धी टाकून जायला लागतं म्हणून."

पलीकडे काहीतरी सळसळलं. मला वाटलं, लिहून घेतोयस.

आणि वर ब्रिस्टलच्या गप्पा! माझ्या जुन्या घरातल्या भाडेकरूंनी बागेची वाट लावली आहे, पण माझी कोथिंबीर भिंतीपाशी आपोआप उगवली आहे, असं तू मला ऑगस्टमध्ये सांगितलंस. मी खूश झाले. केतकीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं. तू तेव्हा कार्डिफमध्ये होतास, ऑर्लाच्या पुढच्या खोलीत, भाड्यानं आणलेल्या हॉस्पिटलच्या कॉटवर. खिडकीतून तुला रस्ता दिसत होता आणि कौन्सिलचे कचऱ्याचे डबे. कोथिंबीर! माझ्या समाधानासाठी झोपल्या झोपल्या बाग लावत होतास, खोटारड्या.

ऑर्लाचा फोन बुधवारी दुपारी आला. पॅनक्रियाजच्या कॅन्सरनं तू गेल्याचं तिनं सांगितलं, आणि मी गाडीची किल्ली शोधायला उठले. ती म्हणाली, "डॉक्टर, दफन काल झालं. गावी. माझे वडील व्हॅन घेऊन फेरीबोटीनं आले आणि त्यांना घेऊन गेले." मी उभीच राहिले. मला का नाही कळवलंस, विचारलं. ती रडायला लागली. "काकांनी शब्द घेतला होता. म्हणाले, डॉक्टरला नंतर सांग. आधी सांगितलंस तर ती येईल आणि सगळ्यांना कामाला लावेल."

मी म्हटलं, "मग? लावलं असतं कामाला. त्यात काय वाईट होतं?" त्या मुलीवरच ओरडले मी, जिनं तुझं सगळं केलं तिच्यावर. मग विचारलं, रोगाचं निदान कधी झालं? मला तेच एक जाणून घ्यायचं होतं. माझ्या मनात एकच, की जूनच्या त्या रविवारी मला कळलं असतं आणि मी तुला लगेच तपासायला पाठवलं असतं तर. ती म्हणाली, मे महिन्यातच. पसरलेला होता. काही करण्यासारखं नव्हतं.

म्हणजे जूनमध्ये तुला सगळं माहीत होतं. मला क्षणभर हायसं वाटलं, आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. तुला डॉक्टरचं मत नको होतं. डॉक्टर तुला हवे तेवढे मिळाले होते. मग मला कशाला विचारलंस? तर सांगायला. तुला मला सांगायचं होतं, आणि सरळ सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून त्या मेंढपाळ म्हाताऱ्याला पुढे केलंस. आणि मी त्याला हाकलून लावलं.

तुझ्या भावाचं ऑर्लानं सांगितलं ते मात्र मला आवडलं. अकरा वर्षं न बोललेला तो माणूस पेटीला पहिला खांदा द्यायला उभा राहिला. घरी परत आल्यावर ऑर्लाला म्हणाला, "नव्या नाटकात मी आहे का?" ती नाही म्हणाली. तर म्हणे त्याचं तोंड जरा उतरलं.

गेल्या सोमवारी नाटकाची प्रत पोस्टानं आली. ऑर्लानं चिठ्ठी लिहिली होती. येत्या शनिवारी ब्रिस्टलमध्ये, तुझी पहिली नाटकं जिथे झाली त्या पबवरच्या छोट्या थिएटरात, तुझे जुने नट हे नाटक नुसतं वाचणार आहेत. त्यात एक डॉक्टर आहे, भारतातून आलेली बाई, फोनवर बोलणारी. तो भाग तुम्ही वाचाल का?

मी ओट्यापाशी उभ्यानंच वाचलं. सगळं माझं. पट्ट्याची भोकं, पाठदुखी, रिकाम्या पोटी गोळी घेऊ नकोस. 'वैताग येतो' सुद्धा. मी श्वास घ्यायला जिथे थांबते तिथे तू टिंबं दिली आहेस. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला तेवढं सगळं चाललं. मनात म्हटलं, चोरलंस ना, पण खरं चोरलंस. आणि मग तो जूनचा रविवार आला. म्हातारा आपलं दुखणं सांगतो, डॉक्टर रोगाचं नाव घेते, आणि पुढे तू लिहिलंयस: डॉक्टर बराच वेळ बोलत नाही. मग हळू आवाजात म्हणते, 'ओह, माय डिअर. मला फार वाईट वाटतंय.'

माय डिअर? डोनल, मी जन्मात कोणाला माय डिअर म्हटलेलं नाही. सुधीरला नाही, केतकीला नाही, मरणाऱ्या पेशंटलासुद्धा नाही. कोण ही बाई?

सख्ख्या भावाचं एक वाक्य बदलायला तू तयार झाला नाहीस. त्यापायी अकरा वर्षं घालवलीस, गाव घालवलंस, माझ्या स्वयंपाकघरात टेबलं बडवलीस. आणि माझं वाक्य, जे मी खरोखर बोलले, स्पीकरवर, माझ्या मुलीसमोर, ते तू पुसून टाकलंस? का? मी ते ऐकून मोडून पडेन म्हणून? की तुलाच ते पुन्हा ऐकवेना? पहिलं असेल तर तू मला लेचीपेची समजलास. दुसरं असेल तर मला ते तोंडावर सांगायला हवं होतंस. दहा वर्षं मी तुला सांगत होते, शब्द बदल, माणसाला सांभाळून घे. आणि शेवटी तू माझं ऐकलंस, तेही माझ्याच बाबतीत. वाद मी जिंकले, आणि मला ते जिंकणं नको आहे. तुझंच बरोबर होतं. त्या पानावर मी उरलेलीच नाही. तुझ्या मनासारखी कोणीतरी उरली आहे.

मी ऑर्लाला फोन केला. म्हटलं, येते वाचायला. एका अटीवर. त्या जागी मूळ वाक्य घालायचं.

"मूळ कुठलं, डॉक्टर?"

मी ते म्हणून दाखवलं. आइस्क्रीमसकट. तिनं ते एकदा स्वतःशी पुटपुटून बघितलं. मग म्हणाली, "ऑडियन्स हसेल."

"हसू दे. मी हसले होते."

"पण पुढच्या सीनमध्ये त्यांना कळतं की तो स्वतःबद्दलच..."

"कळू दे. मलाही असंच नंतर कळलं."

"लोकांना डॉक्टरचा राग येईल."

"येऊ दे. लिहून घे, ऑर्ला. एक शब्द बदलू नकोस." पेन कागदावर चालल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

तेव्हा शनिवारी मी येते आहे. नटांच्या रांगेत चष्मा लावून बसेन आणि ते वाक्य मोठ्यानं वाचेन, माझ्या आवाजात, जसं बोलले होते तसं. लोक हसेपर्यंत थांबेन. हे तुझ्यासाठी नाही करत. तू मला न विचारता जे माफ करून टाकलंस, ते मला परत करायचं आहे.

तू नुसतं म्हणायचंस, डॉक्टर, मला झालंय. म्हाताऱ्याला नाही, मला. मी आधी तुला मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. मे महिन्यापर्यंत काय झोपला होतास का, म्हणून ओरडले असते. माय डिअर म्हटलं नसतं. मळलेल्या पिठावर ताट झाकलं असतं, हात पुसले असते, आणि केतकी मागून काय विचारते आहे ते न ऐकता गाडी काढली असती. दोन तासांत पोचले असते रे मी.